लॉम्बर्डांची राणी थिओडेलिंडा



उत्तर इटलींत मिलान शहराजवळ मोंझा नांवाचें नगर आहे. तेथें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नांवाचें एक मोठें मंदिर असून त्यांत फार जुना खजिना जतन करून ठेविला आहे. त्या खजिन्यांत शुभवर्तमानाच्या पुस्तकाचें एक आवरण आहे. तें सोन्याच्या पत्र्याचें असून त्यावर रत्नें जडविलीं आहेत. ज्या राणीनें आपल्या वाड्याजवळ हें मंदिर स्थापिलें, तिनेंच देवानें दिलेल्या दानांतून हें आवरण अर्पण केलें, असा त्यावर लेख आहे. त्या राणीचें नांव थिओडेलिंडा. तिनें कोणतें युद्ध जिंकलें नाहीं, कीं कोणता ग्रंथ लिहिला नाहीं. तरी एका लढाऊ राष्ट्राचें मन सत्याकडे वळविण्याच्या कामीं तिचा वांटा मोठा आहे.

थिओडेलिंडा ज्यांची राणी झाली ते लॉम्बर्ड लोक मूळचे उत्तर जर्मनींतील एल्ब नदीकांठचे. इ. स. 568 मध्यें आल्बोईन राजाच्या हाताखालीं ते बायकामुलांसह इटलींत उतरले. पाव्हिया शहरास त्यांनीं तीन वर्षें वेढा घातला व पुढें तेंच आपली राजधानी केलें. त्यांच्या येण्यानें देशांत मोठा अनर्थ झाला. शेतें ओस पडलीं, मंदिरें लुटलीं गेलीं, आणि पुष्कळ बिशपांस आपलीं ठाणीं सोडून पळावें लागलें. इ. स. 574 पासून दहा वर्षें तर त्यांस राजाच नव्हता. तीस पस्तीस सरदार आपापल्या प्रांतांत मन मानेल तसें वागत होते.

धर्माच्या बाबतींतही त्यांच्यांत एकी नव्हती. कित्येक जुन्या देवतांस भजत, आणि कित्येक एरियसच्या मताचे ख्रिस्ती होते. प्रभु येशू हा पित्याच्या बरोबरीचा सनातन पुत्र नसून उत्पन्न केलेला आहे, असें हें मत होय. इ. स. 325 मध्यें नायसीआच्या परिषदेनें तें खोटें ठरविलें होतें. तरी जर्मन जातींच्या अनेक लोकांत तें पसरलें होतें. म्हणून जिंकणारे व जिंकलेले हे दोघेही ख्रिस्ताचें नांव घेत असतां एका मेजाभोंवतीं बसत नसत.

थिओडेलिंडा ही बव्हेरियाचा अधिपति गॅरिबाल्ड याची कन्या. लहानपणापासून ती नायसीआच्या विश्वासांत वाढली होती. लॉम्बर्डांचा राजा औथारी यानें तीस मागणी घातली. पौल डीकन हा लॉम्बर्डांचा इतिहासकार सांगतो कीं, वधू कशी आहे हें पाहण्यास राजा वेष पालटून आपल्याच वकिलांबरोबर गेला. रीतीप्रमाणें तिनें पाहुण्यांस द्राक्षारस दिला, तेव्हां प्याला परत करतांना त्यानें कोणाच्या ध्यानांत न येईल असा तिच्या हातास स्पर्श केला. ती लाजली व तिनें ही गोष्ट आपल्या दाईस सांगितली. राजावांचून दुसरा कोणी असें धाडस करणार नाहीं, हें त्या शहाण्या म्हातारीनें तेव्हांच ओळखलें. पुढें फ्रँक लोकांनीं बव्हेरियावर स्वारी केली, तेव्हां थिओडेलिंडा आपला भाऊ गुंडोआल्ड यास घेऊन इटलींत आली, आणि इ. स. 589 च्या मे महिन्यांत व्हेरोना शहराजवळ तिचें लग्न झालें.

परंतु सासरीं तिच्या विश्वासास मान नव्हता. औथारी एरियन मताचा होता. इ. स. 590 च्या ईस्टरच्या वेळीं त्यानें असा हुकूम काढला कीं, कोणत्याही लॉम्बर्डाच्या मुलास नायसीआच्या विश्वासाप्रमाणें बाप्तिस्मा देऊं नये. त्या वर्षीच्या सप्टेंबरांत तो मरण पावला. लग्नास दीड वर्षही झालें नव्हतें. मूल नव्हतें, आणि देश परका. अशा विधवेस माहेरीं पाठविणें किंवा बाजूस सारणें सोपें होतें. तसें झालें नाहीं. थोड्याच दिवसांत तिनें सर्वांची मनें इतकीं जिंकलीं होतीं कीं, सरदारांनीं तीस राणीपदावर ठेविलें व जो योग्य दिसेल त्याच्याशीं विवाह करून त्यास राजा करावें असें ठरविलें. तिनें तुरीनचा सरदार आगिलुल्फ यास निवडलें.

हा शूर व कारभारांत चतुर होता, पण तिच्या विश्वासाचा नव्हता. येथून तिच्या खऱ्या कसोटीस आरंभ झाला. इ. स. 593 मध्यें आगिलुल्फानें रोम शहरास वेढा दिला. त्या वेळीं तेथें पहिला ग्रेगरी हा पोप होता. इंग्रज लोकांत शुभवर्तमान सांगण्यास ऑगस्टीनास पाठविणारा तो हाच. दोर बांधलेले कैदी गुलाम म्हणून विकण्यास नेले जात असलेले त्यानें पाहिले. शेवटीं पुष्कळ धन देऊन त्यास शहर वांचवावें लागलें. पुढें कित्येक वर्षें तहाचीं बोलणीं चाललीं. ग्रेगरी राणीस पत्रें लिहीत असे, आणि राणी आपल्या पतीचें मन वळवीत असे. इ. स. 598 मध्यें तह ठरला, तेव्हां ग्रेगरीनें राजाबरोबर राणीचेही पत्रानें आभार मानले. ती पोपाच्या सर्वस्वीं आधीन होती असें मात्र नव्हे. शिकवणीच्या एका वादांत रोमचें म्हणणें तीस पटलें नाहीं. तेथें ती उत्तर इटलींतील बिशपांच्या बाजूस राहिली, आणि ग्रेगरीनेंही तिच्याशीं धीरानें व्यवहार केला.

पतीशींही ती धीरानेंच वागली. आगिलुल्फ एरियन मत सोडून तिच्या विश्वासाचा झाला असें पौल डीकन लिहितो. परंतु आतांच्या इतिहासकारांस ती गोष्ट निश्चित वाटत नाहीं. एवढें खरें कीं, त्यानें तीस अडविलें नाहीं. मंदिरांच्या जमिनी परत मिळूं लागल्या, व बिशपांस पुन्हा मान मिळाला. मोंझा येथें तिनें मंदिर स्थापिलें व वाडा बांधला. वाड्याच्या भिंतींवर लॉम्बर्डांच्या पराक्रमांचीं चित्रें होतीं. त्यांत त्यांचे मागून भादरलेले व पुढें दोन्ही गालांवर लोंबणारे केस, आणि रंगीत कांठांचे सैल तागाचे कपडे दिसत, असें पौल डीकन सांगतो. तो वाडा आज उरला नाहीं.

इ. स. 602 मध्यें तीस पुत्र झाला. त्याचें नांव आडालोआल्ड. पुढल्या वर्षीं ईस्टरच्या दिवशीं मोंझाच्या मंदिरांत सेकुंडुस नांवाच्या भक्तिमान सेवकानें त्यास नायसीआच्या विश्वासाप्रमाणें बाप्तिस्मा दिला. ज्या बाप्तिस्म्यास तेरा वर्षांपूर्वीं राजाज्ञेनें बंदी झाली होती, तोच आतां राजाच्या मुलास, राजाच्या संमतीनें मिळाला. ग्रेगरी तेव्हां संधिवातानें अंथरुणास खिळला होता. तरी त्यानें आनंदाचें पत्र लिहिलें व बाळासाठीं एक क्रूस आणि शुभवर्तमानांतील एक पाठ भेट म्हणून पाठविला. थोड्याच महिन्यांनीं तो वारला.

पुढें आयर्लंडचा कोलुंबानुस हा उपदेशक आल्प्स पर्वत ओलांडून राजाकडे आला. तो एरियन मताविरुद्ध उघडपणें शिकवीत असे. तरी राजानें त्यास बोब्बियो येथें जागा दिली. तेथें इ. स. 614 मध्यें मठ स्थापन झाला, आणि त्याच्या ग्रंथालयांत हस्तलिखितें शेंकडों वर्षें सुरक्षित राहिलीं.

इ. स. 616 मध्यें आगिलुल्फ वारला. पुत्र लहान असल्यामुळें राणी त्याच्याबरोबर कारभार पाहूं लागली. दहा वर्षें बरीं गेलीं. मग सरदार फिरले. आडालोआल्डास पदच्युत करून त्यांनीं एरियन मताचा आरिओआल्ड यास राजा केलें. त्यानंतर लवकरच, इ. स. 627 च्या सुमारास, थिओडेलिंडा मरण पावली. डोळे मिटतांना मुलाचें राज्य गेलेलें व विरुद्ध मत पुन्हा गादीवर बसलेलें तिनें पाहिलें. माणसांच्या हिशेबानें तिचें सारें जन्माचें काम बुडालें होतें.

पण तें बुडालें नव्हतें. तिच्याबरोबर पळून आलेला भाऊ गुंडोआल्ड, त्याचा पुत्र आरिपेर्ट इ. स. 653 मध्यें राजा झाला, आणि तो नायसीआच्या विश्वासाचा होता. त्यानंतर त्या शतकाच्या अखेरीपर्यंत एरियन मत लॉम्बर्डांतून नाहींसें झालें. जे मंदिरें लुटीत आले त्यांचेच नातूपणतू मंदिरें बांधूं लागले. इ. स. 774 मध्यें शार्लमेन राजानें त्यांचें राज्य जिंकलें. पण लॉम्बर्डी हें प्रांताचें नांव राहिलें, आणि त्यांचीं कामेंही राहिलीं. सिव्हिदाले येथील लहान मंदिर, ब्रेशा येथील स्त्रियांचा मठ, बेनेव्हेंतो येथील संत सोफियाचें मंदिर अशीं त्यांचीं सात ठिकाणें इ. स. 2011 मध्यें युनेस्कोनें जगाचा वारसा म्हणून नोंदविलीं. मोंझा त्या यादींत नाहीं. तरी त्या साऱ्या मंदिरांच्या पायाशीं ह्या राणीचे श्रम आहेत.

मोंझाच्या खजिन्यांत लोखंडी मुकुट म्हणून एक प्रसिद्ध मुकुट आहे. त्याच्या आंतील कडें प्रभूच्या क्रूसाच्या खिळ्याचें आहे, असें लोक पुष्कळ काळ मानीत आले. इ. स. 1993 मध्यें शास्त्रज्ञांनीं तें तपासलें, तों तें लोखंडाचें नसून रुप्याचें निघालें. तेव्हां आपला विश्वास कड्यांवर व खिळ्यांवर टेकूं नये. राणीची खरी ठेव त्या मुकुटांत नव्हे, तर तिनें घरांत केलेल्या कामांत आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांतही घरांत एकटीच विश्वास धरणारी बहीण आढळते. नवरा उपासनेस येत नाहीं, सासरचीं माणसें मुलांच्या बाप्तिस्म्यास आडकाठी करितात. थिओडेलिंडेनें भांडून घर मोडलें नाहीं, आणि भिऊन विश्वासही सोडला नाहीं. पती बदलला कीं नाहीं हें इतिहासास ठाऊक नाहीं. पण तिच्या धीरानें एका शहरास शांतता व तिच्या मुलास बाप्तिस्मा मिळाला. आणि ज्या उपदेशकास आपल्या गांवांतील काम मोडलेलें दिसतें, त्यानें लक्षांत ठेवावें कीं, राणीच्या मरणानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं तिच्या भावाचा मुलगा गादीवर आला. पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळेलच असें नाहीं. पण पीक देणारा देव विसरत नाहीं.