शिवचरणी विसावलेले दुःख

आज महाशिवरात्र. शिवालयांत बेलाच्या राशी पडल्या असतील, अभिषेकपात्राची धार अखंड चालू असेल आणि घरोघरी उपवासाचे पावित्र्य दरवळत असेल. या पुण्यदिवशी काशीविश्वेश्वरापुढे, सोरटी सोमनाथापुढे अथवा वेरूळच्या घृष्णेश्वरापुढे हात जोडणाऱ्या भाविकाला एका माउलीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. ती माउली म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

त्यांचा दानधर्म सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो कोणत्या दुःखातून उगवला, याचा विचार क्वचितच होतो. नित्य देवपूजा करणाऱ्याच्या घरी मृत्यूने वारंवार का यावे, हा प्रश्न कोणत्या भाविकाच्या मनात कधी आला नाही? अहिल्याबाईंच्या वाट्याला तर तो प्रश्न पुनःपुन्हा आला.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. संसाराची वेल बहरत असतानाच १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. वयाची तिशीही न उलटलेल्या अहिल्याबाईंनी सहगमनाचा निश्चय केला. तेव्हा पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध मल्हाररावांनी पदर पसरावा तशी विनवणी करून त्यांना मागे फिरवले. स्वतःचा शोक आवरून त्या सासऱ्यांचा आधार झाल्या, आणि मल्हाररावांनीही दप्तर, वसुली व लष्करी व्यवस्था यांचा भार विश्वासाने त्यांच्याकडे सोपवला.

१७६६ मध्ये तो पितृतुल्य आधारही गेला. मालेराव गादीवर आले. परंतु त्यांना मनोविकाराने ग्रासले. अहिल्याबाई रात्रंदिवस पुत्राच्या उशाशी बसून राहिल्या. औषधे झाली, अनुष्ठाने झाली, पण यश आले नाही. १७६७ मध्ये मालेरावही निवर्तले. मातेच्या डोळ्यांतील पाणी खळण्यापूर्वीच राघोबादादांच्या सैन्याची हालचाल कानी आली. त्या डगमगल्या नाहीत. पेशवे माधवराव यांची संमती त्यांनी मिळवली, तुकोजी होळकरांकडे सेनेचे आधिपत्य दिले आणि दौलत राखली. पुढे नर्मदातीरी महेश्वर येथे राहून त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्यकारभार केला. राज्य शंकराचे व आपण केवळ त्याची सेवेकरीण, ही त्यांची भावना होती. म्हणूनच आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे.

या श्रद्धेचे फळ प्रजेने चाखले. स्वतः वैधव्य सोसलेल्या या राणीने विधवांचे पतिधन सरकारजमा होऊ दिले नाही. डोंगरातील भिल्लांना वाटसरूंकडून ठरावीक कर घेण्याचा हक्क देऊन मार्गाच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ साली पाडलेल्या काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे राहिले. १७८३ मध्ये प्रभासक्षेत्री, भग्न सोमनाथाच्या सान्निध्यात, नवे मंदिर झाले. १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर बांधले गेले. त्याखेरीज घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे किती झाली! दक्षिणेतील देवालयांना गंगाजल पोहोचत असे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी मिळे. शेतातून हुसकलेल्या पाखरांसाठी उभी पिके विकत घेऊन मोकळी ठेवली जात.

इतके पुण्य करूनही दैवाची परीक्षा सरली नव्हती. मुक्ताबाईंचा तरुण पुत्र नथ्याबा महेश्वरी मृत्यू पावला. आजीच्या म्हातारपणाचा तोच विसावा होता. सुमारे वर्षभराने, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव फणसे हेही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. जी विनवणी एके काळी सासऱ्याने सुनेला केली होती, तीच आता माता कन्येला करीत होती. परंतु पती व पुत्र दोघेही गमावलेल्या मुक्ताबाईंचे मन वळले नाही. पुढे १८२९ साली कायद्याने निषिद्ध झालेल्या त्या निष्ठुर रूढीने अहिल्याबाईंचे शेवटचे अपत्य त्यांच्या डोळ्यांदेखत हिरावले. चितेपाशी दोघा ब्राह्मणांनी त्यांना आवरून धरले होते. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नावाचून, मौनात बसून राहिल्या.

सत्तेचे सर्व अधिकार हाती असताना आपली एकुलती कन्या त्यांना वाचवता आली नाही. देवाने त्यांचे मागणे ऐकले नाही, असेच कोणीही म्हणेल. पण चौथ्या दिवसापासून त्यांनी पूजा सोडली नाही, की प्रजेची गाऱ्हाणी ऐकणे सोडले नाही. गेलेल्या जिवांच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर स्मारक उभारविले आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वरी त्यांचे देहावसान झाले. वद्य चतुर्दशी म्हणजे मासिक शिवरात्रच! ज्या शिवाच्या नावाने राज्य केले, त्याच्याच तिथीला ही सेविका त्याच्या चरणी विसावली.

देवाने दुःख टाळावे, म्हणून अहिल्याबाईंनी भक्ती केली नाही. आलेले दुःख पोटात घालून दुसऱ्याचे अश्रू पुसण्याचे बळ त्यांनी भक्तीतून घेतले. हलाहल कंठी धारण करून जगाला अभय देणाऱ्या नीलकंठाची याहून थोर उपासना ती कोणती? आज शिवपिंडीवर बेलपत्र वाहताना, ज्यांच्या घरी यंदा एखादे माणूस उणे झाले आहे, त्यांनी या माउलीचे चरित्र अवश्य आठवावे.