तोटी कोणाच्या हाती? – वीजखाते सांभाळणारे बाबासाहेब



तुमच्या घरात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. हाती संविधान, एक बोट पुढे केलेले. महाडचे तळे, पुणे करार, घटना आणि नागपूरची दीक्षा, एवढे तुमच्या मुलांनाही ठाऊक असेल. परंतु तुमच्या घरी जो दिवा लागतो, ज्याचे बिल दर महिन्याला येते, त्या विजेशी बाबासाहेबांचा काय संबंध, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? १९४२ ते १९४६ अशी चार वर्षे या देशाच्या मध्यवर्ती सरकारातील वीज आणि पाटबंधारे हे विषय बाबासाहेबांकडे होते. त्या वर्षांची हकीकत आपल्या वस्त्यांत फारशी सांगितली जात नाही. म्हणून ती येथे सांगत आहोत, आणि ती सातारपासून सांगितली पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव लहानपणीच साताऱ्यास आले. वडील रामजी सुभेदार यांना पेन्शनीनंतर तेथे नोकरी मिळाली होती. मातोश्री भीमाबाईंचा अंत १८९६ साली साताऱ्यातच झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शाळेत पाण्याचा नळ होता. इतर मुलांनी मास्तरांची परवानगी घ्यावी आणि नळाला तोंड लावावे. भीमरावांना मात्र तोटीला हात लावण्याची बंदी होती. शिपाई आला आणि त्याने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच घेऊन घरी जावे लागे.

आता नीट विचार करा. नळ सरकारी, पाणी सरकारी, शाळाही सरकारी. सोय केलेली होती, पैसाही खर्च झालेला होता. उणीव एकच होती : तोटी उघडण्याचा अधिकार एका माणसाच्या मर्जीवर होता आणि त्या मर्जीला जाब विचारणारे वर कोणी नव्हते.

पुढे १९०१ साली वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलावाच्या कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांना भेटावयास भीमराव घरातील मुलांबरोबर आगगाडीने निघाले. आपण येत असल्याचे पत्र त्यांनी आधीच धाडले होते. गाडी मसूर स्टेशनावर थांबली, पण न्यायला कोणीच आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले आणि तरीही गाडी मुलांनाच हाकायला लावून तो स्वतः पायी चालला. जवळ खायला होते, पण रात्रभर पाणी कोणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुले पोहोचली तेव्हा उलगडा झाला. पत्र आले होते. परंतु ज्या नोकराच्या हाती ते पडले, त्याने वडिलांना दिलेच नव्हते. टपालाने आपले काम केले होते, आगगाडीनेही केले होते. घात झाला तो शेवटच्या हातात. सारा देश जोडणारी व्यवस्थासुद्धा शेवटच्या माणसापाशी कशी तुटते, हे दहा वर्षांच्या मुलाला मसूरच्या वाटेवर कळून चुकले.

त्यानंतर मुंबई आली. चाळीतल्या एका खोलीत, घासलेटच्या दिव्यावर त्यांनी अभ्यास केला. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली ती १९१५ साली. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम. ए. झाले. ध्यानात घ्या, त्यांचा विषय अर्थशास्त्र होता. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतीवर प्रबंध लिहिला. शेताचे तुकडे पडतात म्हणून देश गरीब आहे, असे त्या वेळचे पंडित सांगत. बाबासाहेबांनी उलट दाखवले की जमिनीवर पोट भरणारी माणसेच फार झाली आहेत. त्यांना दुसरा उद्योग मिळाला पाहिजे, म्हणजे कारखानदारी वाढली पाहिजे. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता, त्या आपल्या लोकांसाठी या निष्कर्षाचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर त्यांनी महाडला पाहिले. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यापैकी कोणी त्या तळ्याचे पाणी पिऊ शकले नव्हते. ठराव करणे हे अर्धेच काम. तो अमलात येतो की नाही हे पाहणारा अधिकार असल्याशिवाय उरलेले अर्धे होत नाही.

ही शिदोरी घेऊन बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खाते असले तरी त्या खात्यात वीज, पाटबंधारे, खाणी आणि सरकारी बांधकामे हेही विषय येत. महायुद्ध चालू होते. युद्धानंतरचा देश कसा उभारावा याचा विचार करण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. त्यांतील वीज आणि पाटबंधाऱ्यांच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत त्या समितीची बैठक झाली.

त्या काळी विजेचा कारभार १९१० च्या कायद्याने चाले. बऱ्याच शहरांत खासगी कंपनी परवाना काढी आणि वीज विकी. जेथे नफा तेथे तार, जेथे नफा नाही तेथे अंधार. बाबासाहेबांनी बैठकीपुढे मुळातलेच प्रश्न ठेवले. वीज ही सरकारी मालकीची असावी की खासगी? खासगी ठेवायचीच तर लोकांचे नुकसान होऊ नये म्हणून तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी मध्यवर्ती सरकारची की प्रांतांची? स्वस्त आणि मुबलक वीज देण्याचा सर्वांत चांगला मार्ग कोणता? आणि त्यांनी हेही समजावून दिले की विजेचा विचार चैनीसाठी करायचा नाही. वीज नाही तर कारखाना नाही, कारखाना नाही तर शेतावरची गर्दी हटत नाही, आणि ती हटल्याशिवाय दारिद्र्य जात नाही. १९१८ चा तो विद्वान आणि १९४३ चा हा मंत्री यांच्या विचारात तिळमात्र फरक नव्हता.

वीज कोळशावर आणि पाण्यावर होते. तेव्हा बाबासाहेबांनी या दोहोंची मुळापर्यंत पाहणी केली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा मुलुखात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. खाणकामगारांच्या कल्याणासाठी कोळशावर उपकर बसवून निधी उभारण्याचा वटहुकूम जानेवारी १९४४ मध्ये निघाला. एक गोष्ट मात्र येथे लपवू नये. युद्धकाळी कोळसा कमी पडला म्हणून स्त्रियांना खाणीत खाली कामाला न पाठवण्याची बंदी सरकारने १९४३ साली उठवली होती. मजूरमंत्री या नात्याने १९४४ साली कायदेमंडळात त्याबद्दल बाबासाहेबांनाच जाब द्यावा लागला. त्यांनी तो दिला, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते हेही बजावले. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. खाते आपल्या माणसाकडे असले तरी त्याला प्रश्न विचारणारे सभागृह हवे. देखरेख म्हणतात ती हीच, आणि बाबासाहेब स्वतःही तिच्याबाहेर नव्हते.

१९४४ साली मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशात वीज कोठे किती होऊ शकते याची पाहणी करणे आणि योजना आखणे हे त्याचे काम. १९४५ साली जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनासाठी मध्यवर्ती आयोग आला. १९४३ साली बंगालात दामोदर नदीच्या महापुराने हाहाकार उडाला होता. त्या नदीसाठी बाबासाहेबांनी कलकत्त्याला बैठका घेतल्या. नदी दोन प्रांतांतून वाहते, म्हणून भांडत न बसता पूर अडवणे, शेतीला पाणी आणि वीज ही तिन्ही कामे एकाच महामंडळाने करावी, अशी ती योजना होती. अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यांच्यापुढे होता. जुलै १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. ओरिसातील महानदीसाठीही त्यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला परिषद घेतली.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावरील आपले निवेदन प्रसिद्ध केले. देशाचा गाडा ज्यांवर चालतो ते मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहावे, अशी मागणी त्यात होती. घटनेत ती कलमे तशी आली नाहीत. परंतु बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या घटनेची सातवी अनुसूची काढून पाहा. टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी संदेश आणि नभोवाणी केंद्राच्या सूचीत, ३१ व्या क्रमांकावर आहेत. वीज केंद्र आणि राज्य या दोघांच्या समवर्ती सूचीत, ३८ व्या क्रमांकावर आहे. याचा अर्थ साधा आहे : या सेवा कोणीही चालवो, त्यांना जाब विचारण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा आहे.

१९४८ साली वीजपुरवठ्याचा नवा कायदा झाला. तेव्हा ते खाते काकासाहेब गाडगीळांकडे होते आणि बाबासाहेब कायदेमंत्री होते. केंद्रात वीज प्राधिकरण आणि राज्याराज्यांत वीज मंडळे, ही मांडणी या कायद्याने केली. त्याच कायद्याखाली १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले. पाटण तालुक्यातील कोयना धरणाची वीज १९६२ पासून मिळू लागली आणि टप्प्याटप्प्याने तिची क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत गेली. कोयना बाबासाहेबांनी बांधली असे कोणी सांगू लागले तर ते मानू नका. खोटा मोठेपणा त्यांना नको होता. पण ज्या विचाराने असे प्रकल्प लोकांचे झाले, तो विचार सरकारात मांडणाऱ्यांत ते अग्रभागी होते. आणि ज्यांची गावे कोयनेच्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले, हेही विसरू नका. लोकांच्या नावाने केलेल्या कामावरही लोकांची नजर लागते ती यासाठी.

सांगली जिल्ह्यातील वाचकांना हे अधिक लवकर पटेल. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना कृष्णेचे पाणी विजेच्या पंपांनी उचलून तासगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी रानांत नेतात. वीजबिल थकले म्हणून हे पंप बंद पडल्याचे या भागाने अनेकदा पाहिले आहे. नदी भरलेली, कालवा तयार, आणि शेत कोरडे! तोटी पुन्हा कोणाच्या तरी हाती अडकलेली.

पुढे काळ बदलला. १९४८ च्या कायद्याची जागा २००३ च्या विद्युत कायद्याने घेतली. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण या कंपन्या झाल्या. टेलिफोन खासगी कंपन्यांना खुला झाला. म्हणून देखरेखीची गरज संपली काय? उलट वाढली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातील रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण आले, १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. १९४३ साली बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न, खासगी हाती दिले तर अटी कोणत्या, हाच आज या संस्थांच्या टेबलावर रोज येतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तुम्ही काय कराल? गावात वीज आली तरी आपल्या वस्तीत दिवा लागायला अनेक ठिकाणी वर्षे गेली, हे तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारा. २०२१ साली महावितरणने बाबासाहेबांच्या नावाने जीवन प्रकाश योजना आणली. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरून जोडणी मिळावी अशी ती सोय होती. अशा योजना निघतात तेव्हा वस्तीत त्या वाचून दाखवायला कोणी असते का? दीक्षा घेतलेल्या घरातील शिकलेल्या मुला-मुलीने ते काम अंगावर घ्यावे. लाईट बिल नुसते भरू नका, वाचा. मीटरचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळवून पाहा. जुळला नाही तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. दर ठरवण्यापूर्वी आयोग जाहीर सुनावणी घेतो. तेथे हरकत नोंदवण्याचा अधिकार जितका मोठ्या कारखानदाराला तितकाच जतच्या शेतमजुराला आहे.

साताऱ्याच्या शाळेतील मुलाला तोटीला हात लावता येत नव्हता. तोच मुलगा देशाच्या विजेचे धोरण आखण्याच्या खुर्चीवर बसला, आणि तेथे बसून त्याने तोटी स्वतःच्या मुठीत घेतली नाही, कायद्याच्या हाती दिली. कायदा मात्र आपोआप चालत नाही. त्याला रोज हलवणारी माणसे लागतात, आणि ती माणसे आता तुम्ही आहात.