निर्मळ काचेचा कारागीर : योझेफ फ्राउनहोफर

हीरक महोत्सवाच्या ग्रंथात हिऱ्याऐवजी काचेविषयी लिहिणे काहींना विसंगत वाटेल. परंतु पारदर्शकता हा शब्द अलीकडे संस्थांच्या कारभारापासून निवडणुकीच्या भाषणांपर्यंत इतक्या सैलपणे वापरला जातो, की ज्या पदार्थाच्या गुणावरून तो आपल्याला सुचतो, त्या पदार्थाकडे एकदा वळून पाहावेसे वाटले. काचेला खऱ्या अर्थाने निर्मळ करण्यात ज्याने आपले अल्प आयुष्य वेचले, तो बव्हेरियाचा योझेफ फ्राउनहोफर. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव काळ्या रेषांपुरतेच येते. त्याच्या आयुष्यात याहून पुष्कळ काही आहे.

श्ट्राउबिंग या गावी ६ मार्च १७८७ रोजी एका काचकाम करणाऱ्या गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो शेवटचा. अकरा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. पालकांनी त्याला म्युनिकमधील एका दरबारी आरसेवाल्याकडे सहा वर्षांच्या बिनपगारी उमेदवारीवर ठेवले. मालकाला काम हवे होते, पोराचे शिक्षण नको होते. रविवारची शाळा आणि पुस्तके यांना तेथे मज्जाव होता. २१ जुलै १८०१ रोजी ते घरच कोसळले. मालकीण ठार झाली. चौदा वर्षांच्या योझेफला काही तासांनी ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढले, तेव्हा बव्हेरियाचा राज्यकर्ता माक्सिमिलियान स्वतः तेथे उभा होता. त्याने मुलाला अठरा सुवर्णमुद्रा दिल्या, आणि उद्योजक उट्झश्नायडर याने पुस्तके पुरविली. त्या पैशांतून मुलाने भिंगे घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीची उरलेली मुदत विकत घेऊन स्वतःची सुटका करून घेतली. मध्यंतरी भेटपत्रिकांच्या कोरीवकामाचा धंदाही करून पाहिला. तो चालला नाही, आणि विज्ञानाच्या दृष्टीने ते फार बरे झाले.

१८०६ मध्ये तो उट्झश्नायडरच्या उपकरणांच्या कारखान्यात दाखल झाला आणि लवकरच बेनेडिक्टबॉयर्न येथील काचशाळेत गेला. ही जागा म्हणजे एक प्राचीन मठ होता. १८०३ मध्ये सरकारने मठ ताब्यात घेतले आणि साधूंच्या वास्तूत भट्ट्या पेटल्या.

खिडकीची काच पारदर्शक असते, असे आपण सहज म्हणतो. पलीकडचे झाड दिसले की आपले समाधान होते. दुर्बिणीच्या भिंगाला तेवढे पुरत नाही. विशेषतः शिशाच्या जड काचेत रसाचे जड आणि हलके भाग वेगळे होतात, बुडबुडे अडकतात आणि थंड झालेल्या गोळ्यात केसासारख्या शिरा उरतात. पाकात साखर विरघळताना पाण्यात जशा लहरी दिसतात, तशाच या शिरा; मात्र त्या कायमच्या गोठलेल्या. डोळ्याला त्या कळतही नाहीत, पण किरण तेथे किंचित वळतो आणि तारा विस्कटतो. म्हणजे आरपार दिसणे वेगळे आणि सर्वत्र एकजिनसी असणे वेगळे. वितळलेला रस भाजलेल्या मातीच्या दांड्याने ढवळत राहण्याची युक्ती स्वित्झर्लंडच्या गिनाँ या कारागिराने शोधली होती. त्याने ती फ्राउनहोफरला शिकविली, आणि १८१४ मध्ये तो मायदेशी परतला. गौरवाच्या वाटणीत गिनाँच्या वाट्याला फार थोडे आले, ही खंत येथे नोंदवायलाच हवी.

फ्राउनहोफरची भर होती ती मापनात. कोणती काच कोणत्या रंगाला किती वळवते, हे नेमके कळल्याखेरीज रंगदोष नसलेले भिंग बनविता येत नाही. पण वर्णपटात तांबडा नारिंगीत कोठे मिसळतो, ते कोण सांगणार? या अडचणीतून १८१४ मध्ये त्याने सूर्यप्रकाश एका बारीक फटीतून लोलकावर सोडला आणि पलीकडे दुर्बीण लावली. वर्णपटात असंख्य काळ्या उभ्या रेषा होत्या. वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये अशा मोजक्या रेषा पाहून सोडून दिल्या होत्या. फ्राउनहोफरने ५७४ रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. त्या कशामुळे उमटतात, हे त्याला उलगडले नाही. त्याला मोजमापाच्या खुणा मिळाल्या होत्या आणि कामापुरते तेवढे बस होते. पुढे विवर्तन जालक वापरून त्याने या रेषांच्या तरंगलांबीही मोजल्या.

आज आपण जाणतो, की यांतील बहुतेक रेषा सूर्याच्या वातावरणात शोषल्या गेलेल्या रंगांच्या आहेत. गंमत अशी, की ‘ए’ आणि ‘बी’ या रेषा सूर्याच्या नाहीतच. त्या आपल्याच हवेतील ऑक्सिजनमुळे पडतात. ज्या हवेला आपण पारदर्शकतेचा नमुना समजतो, तीही काही रंगांना वाट देत नाही.

रेषांचा शोध त्याने १८१७ मध्ये नकाशासह जगापुढे ठेवला. काचेची कृती मात्र कारखान्याचे गुपित राहिली. इतक्या स्वच्छ काचेभोवती इतक्या जाड भिंती असाव्यात, याचे वाचकाला नवल वाटेल, पण भट्टीवर अनेकांचे पोट होते आणि त्या काळी गुपित हेच कारागिराचे भांडवल असे. १८२४ मध्ये त्याची सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण दोर्पात येथे स्त्रूवकडे पोहोचली आणि युरोपभर तिचे कौतुक झाले. त्याच वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल त्याला भेटायला आला. त्याला रेषा आणि उपकरणे पाहायला मिळाली, काच बनविण्याची विद्या मिळाली नाही. लंडनमध्ये मायकेल फॅरेडेसारख्या माणसाने काही वर्षे भट्टीपुढे घालवूनही दुर्बिणीजोगी काच साधली नाही. त्या खटाटोपातून हाती आलेली एक जड काच १८४५ मध्ये प्रकाश आणि चुंबकत्वाचे नाते उघड करण्यास त्याच्या उपयोगी पडली, हा भाग निराळा.

स्वदेशात त्याची अडवणूक वेगळ्याच कारणाने झाली. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या कारागिराला बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीत घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. पुढे एर्लांगेन विद्यापीठाने त्याला १८२२ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि १८२४ मध्ये राजाने सरदारकी बहाल केली. परंतु छाती पोखरली गेली होती. ७ जून १८२६ रोजी क्षयाने त्याचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस.

त्याच्या कारखान्याच्या उपकरणांनी पुढेही डोळे उघडले. बेसेलने १८३८ मध्ये अशाच एका उपकरणाने ताऱ्याचे अंतर मोजले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतील त्याच्या दुर्बिणीतून नेपच्यून दिसला. रेषांचे कोडे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ मध्ये सोडविले. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगांनी ओळखता येते, हे ठरले आणि सूर्यावरील पदार्थ पृथ्वीवरून तपासणे शक्य झाले.

या साऱ्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानावरून गेला. जानसेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथे होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक घेऊन बसला होता तो भूमापन खात्यातील एक तरुण लष्करी अधिकारी, लेफ्टनंट जॉन हर्शेल. बव्हेरियाहून काचेच्या गुपिताविना परतलेल्या हर्शेलचाच हा मुलगा. ढगांनी त्याला बराच वेळ छळले. ते थोडे फाटले तेव्हा सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात त्याला काळ्या नव्हे, तर झळझळीत रेषा दिसल्या आणि त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्याने टिपून घेतले.