समर्थांचे मन

आज माघ वद्य नवमी, दासनवमी. समर्थ रामदासस्वामी म्हटले की सज्जनगडावरील जटाधारी, बलोपासक, निश्चयी पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि अशा पुरुषाचे मन जात्याच स्थिर असणार, असे भाविक गृहीत धरतात. आम्हांस ही समजूत मान्य नाही.

१६०८ च्या रामनवमीस जांब येथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी तो बोहल्यावरून पळाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार करीत नाही. विचार करण्याजोगे आहे ते पुढचे. नाशिकजवळ टाकळीस नंदिनी गोदावरीस मिळते. तेथे कमरेइतक्या पाण्यात पहाटेपासून मध्यान्हापर्यंत उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, हा क्रम १६२० ते १६३२ असा बारा वर्षे चालला. तेरा कोटी जप झाला, असे संप्रदाय सांगतो. हिशेब केला तर प्रतिदिनी जवळजवळ तीस हजार होतो! एका माळेत मन किती गावे हिंडून येते, ते माळ ओढणाऱ्यांस विचारावे. दुपारी माधुकरी, नंतर पुराणश्रवण व अध्ययन. वाल्मीकिरामायणही त्यांनी स्वहस्ते उतरून घेतले. ती पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. वाणी रामनामात, हात रामकथेत. मनाने जावे तरी कोठे?

तरी ते जातच होते. करुणाष्टके वाचावीत. मनाचे चापल्य काही केल्या मोडत नाही, असे गाऱ्हाणे तेथे रामापुढे मांडलेले आहे. कुरुक्षेत्री अर्जुनाने श्रीकृष्णाजवळ हीच तक्रार केली होती. पण तो रणांगणी उभा होता, समर्थ तर घरदार टाकून निघाले होते. घर मागे राहिले, मन बरोबर आले. कीर्तनात ही अष्टके म्हणताना आम्ही पाहिले आहे, प्रपंचात गांजलेला श्रोताही येथे मान डोलवितो.

यानंतर मनाचे श्लोक हाती घ्यावेत. सारे २०५. त्यांत मनाला संबोधन काय, तर सज्जन! ज्याने इतके छळले त्याला शिवी नाही, शाप नाही; वडीलधाऱ्याने हट्टी मुलास जवळ बसवावे तशी समजावणी आहे. प्रसंगी दरडावणीही आहे. पहाटे काय आठवावे, वाणी कशी वापरावी, कोणता संग टाळावा, अशी कामे मनास नेमून दिली आहेत. वृत्त भुजंगप्रयात. चार यगण, लघूमागून दोन गुरू, पावलांच्या ठेक्याचे. रामदासी भिक्षेस निघतात ते हेच श्लोक म्हणत. चालत्या मनाला समर्थांनी चालते वृत्त दिले, असे आम्ही समजतो.

दासबोधाच्या चौदाव्या दशकातील आठवा समास अखंडध्यानाचा आहे. ध्यान करणारा कोण आणि ध्यानात आठवते ते कोण, हे पाहावे, त्या दोहोंत अनन्यता हवी, असे समर्थ तेथे सांगतात. डोळे मिटून बसणे एवढ्यालाच ध्यान समजणाऱ्यांनी हा समास अवश्य वाचावा.

१६४८ त चाफळास राममंदिर झाले. पुढे मठ, महंत, शिष्यांचा मोठा परिवार. १६८२ च्या आरंभी सज्जनगडावर तंजावरहून राममूर्ती आल्या. समर्थांनी अन्न वर्ज्य केले होते. माघ वद्य नवमीस त्याच मूर्तींसमोर बसून, रामनामाच्या गजरात त्यांनी देह ठेवला.