आधी रस्ता, मग रणगाडा

आकुर्डीहून पुण्याकडे जाणारी लोकल पकडली की चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि पाचवं स्टेशन खडकी. तुमच्यातले कितीतरी जण हा प्रवास रोज करतात. खडकीला गाडी जेमतेम थांबते, काळी ट्रंक घेऊन एखाद-दुसरा जवान चढतो-उतरतो, आणि आपण पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. हायवेने गेलात तर दापोडीला सीएमईची लांबच लांब भिंत लागते. उलट्या दिशेला गेलात तर पुढचंच स्टेशन देहूरोड, तेही लष्करी. म्हणजे आपण दोन कॅन्टोन्मेंटच्या मध्ये राहतो, पण त्या भिंतींच्या आत कोण घडलं याचा आपल्याला फारसा पत्ता नसतो.

आज ज्यांच्याबद्दल वाचणार आहात ते याच खडकीत घडले. नाव रामा राघोबा राणे. देशातला सगळ्यात मोठा शौर्य पुरस्कार, परमवीर चक्र, त्यांना मिळाला. आता तुमच्या डोळ्यांसमोर मशीनगन हातात घेऊन धावणारा सैनिक आला असेल, तर जरा थांबा. राण्यांना हे पदक मिळालं ते रस्ता मोकळा करण्यासाठी.

पोलिसाचा मुलगा

कारवारजवळ चेंडिया नावाचं गाव आहे. रामाचा जन्म तिथला, २६ जून १९१८चा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई. पोलिसाच्या घरात बदल्या ठरलेल्याच, त्यामुळे रामाची शाळा सारखी बदलत राहिली. १९३०च्या सुमारास देशभर चळवळ पेटली होती. जवळच अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता. शाळकरी रामाला त्या चळवळीने ओढून घेतलं. आता बाप सरकारी पोलीस आणि पोरगा चळवळीत, म्हणजे घरात काय झालं असेल याची कल्पना करा! काळजीत पडलेल्या वडिलांनी कुटुंबाला परत गावी नेलं.

हाच मुलगा पुढे १० जुलै १९४०ला फौजेत भरती झाला. वय बावीस. म्हणजे तुमच्यातल्या फायनल इयरवाल्यांच्याच वयाचा. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. भरती झाली ती बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, ज्यांना आजही सगळे बॉम्बे सॅपर्स म्हणतात आणि ज्यांचं केंद्र खडकीला आहे. रामा तिथे रिक्रूट म्हणून शिकला आणि आपल्या तुकडीत सर्वोत्तम ठरला. त्याबद्दल त्याला कमांडंटची छडी बक्षीस मिळाली.

सॅपर म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या मुलांना तरी माहीत असायला हवं. सॅपर हा इंजिनिअर शिपाई. फौजेला पुढे जायचं असेल तर पूल बांधायचा, मागे यायचं असेल तर तोच पूल उडवायचा. रस्ता करायचा, पाण्याची सोय करायची, सुरुंग पेरायचे आणि शत्रूने पेरलेले काढायचे. तुमच्याकडे व्हायवात चूक झाली तर फार तर एटीकेटी. इथे मात्र चूक सुधारायला दुसरी संधी नसते.

रामा भरती झाला त्याच्या पुढच्याच वर्षी याच बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत आफ्रिकेत सलग चार दिवस सुरुंग काढत राहिले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीत शिकणाऱ्या पोरांसमोर असा नमुना ताजा होता.

ब्रह्मदेशातली नदी

राण्यांची पहिली नेमणूक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली, २६व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीत. आराकानमधून आपली फौज मागे येत होती. बुथिडाँगमधल्या महत्त्वाच्या गोष्टी जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्या उडवून द्यायच्या होत्या. त्यासाठी दोन सेक्शन मागे ठेवायचे ठरले आणि जबाबदारी राण्यांवर आली. काम उरकलं की नौदलाची बोट येऊन त्यांना घेऊन जाणार होती.

काम उरकलं, पण बोट आली नाही.

समोर नदी, आणि नदीवर जपान्यांची गस्त. राण्यांनी माणसं घेऊन ती नदी लपतछपत पार केली आणि बावली बझारला डिव्हिजनला जाऊन मिळाले. या कामगिरीनंतर ते हवालदार झाले. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि डिसेंबर १९४७मध्ये राण्यांच्या खांद्यावर सेकंड लेफ्टनंटचा तारा आला. शिपाई म्हणून खडकीत शिरलेला पोलिसाचा मुलगा साडेसात वर्षांत अधिकारी झाला होता.

८३ तास

आता नकाशा उघडा आणि जम्मूच्या पश्चिमेला नौशेरा शोधा. तिथून वर राजौरी. नोव्हेंबर १९४७मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती गेलं होतं आणि तिथल्या लोकांचे भयंकर हाल चालले होते. १८ मार्च १९४८ला आपल्या फौजेने झांगर परत घेतलं आणि पुढचं लक्ष्य राजौरी ठरलं. चौथी डोगरा बटालियन आणि रणगाडे निघाले. पण रस्ता डोंगराळ. शत्रूने त्यावर चीडाची मोठमोठी झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, कडेचे भराव फोडलेले, आणि मध्ये सुरुंग. रणगाडा कितीही ताकदवान असला तरी त्याला रस्ता लागतोच. तो करून द्यायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका सेक्शनकडे होतं आणि त्याचे प्रमुख होते २९ वर्षांचे राणे.

८ एप्रिल, सकाळचे अकरा. राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांजवळ काम सुरू व्हायची वाट बघत उभी होती. अचानक उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर जागीच गेले. पाच जखमी झाले, त्यात स्वतः राणे. म्हणजे पुढचं सगळं त्यांनी जखमी अवस्थेत केलं आहे, हे लक्षात ठेवा. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली रिज हाती आली. आजूबाजूला शत्रू अजून होताच. तरी राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी डायव्हर्शन करायला लागले. मशीनगनच्या माऱ्यात, रात्री दहापर्यंत.

९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला डायव्हर्शन तयार. राणे सगळ्यात पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर पाडलेली झाडं. उतरले, सुरुंग लावून उडवली. आणखी तीनशे यार्ड, पुन्हा झाडं, पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी, तिला वळसा घालून नवी वाट. संध्याकाळी सव्वासहाला अंधार पडत असताना पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. राणे तिथेही भिडले होते, पण रणगाड्यांच्या प्रमुखाने रात्रीपुरतं थांबायचं ठरवलं.

सुरुंग कसा काढतात हे ठाऊक आहे? तो वरून दाब पडला की फुटतो. म्हणून पोटावर सरपटत, टोकदार सळई किंवा संगीन तिरकी धरून जमीन हलकेच टोचत जायचं. टणक काही लागलं की हाताने भोवतालची माती सारायची आणि मग तो निकामी करायचा. शांत मैदानात करतानाही घाम फुटावा असं हे काम. राण्यांनी ते गोळ्यांखाली केलं. पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्याबरोबर सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी वाट काढल्याचंही सांगतात.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्या पाच झाडांपाशी परत. साडेसहाला अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची नुसती रांग, तीही साडेदहाला संपवली. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. इथे कुणीही म्हणालं असतं की झालं आपलं काम. पण मागे दारूगोळा आणि रसद घेऊन येणाऱ्या गाड्या होत्या आणि त्या काही नदीतून जाणार नव्हत्या. राणे रस्त्यावरच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा उभे. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर पुढचा रस्ता साफ करत रात्रीचे दहा वाजले.

हिशोब करा. ८ तारखेच्या सकाळी अकरापासून ११ तारखेच्या रात्री दहापर्यंत ८३ तास. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली. फौज लवकर पोहोचली म्हणून तिथले कितीतरी लोक वाचले.

या ८३ तासांत एका क्षणाचं शौर्य असं काढून दाखवता येत नाही. ओरडत केलेला हल्ला नाही, झेंडा रोवणं नाही. आहे ते फक्त एकच काम, अडथळ्यामागून अडथळा, आणि रोज पहाटे पुन्हा तिथेच जाऊन उभं राहणं. पहिल्या दिवशी पळून जायला पुरेसं कारण होतं आणि तिसऱ्या दिवशी थांबायला पुरेसं निमित्त होतं. त्यांनी दोन्ही वापरली नाहीत. आणि ते एकटे नव्हते. पहिल्याच तासात गेलेले दोघे सॅपर आणि उरलेल्या सेक्शनचे हातही या रस्त्यात आहेत.

नंतरची ४६ वर्षं

२६ जानेवारी १९५०ला परमवीर चक्र सुरू झालं. काशाचं पदक, जांभळी फीत, आणि दधीची ऋषींच्या अस्थींपासून झालेल्या इंद्राच्या वज्राची चार चिन्हं. त्याची रचना केली सावित्रीबाई खानोलकरांनी. युरोपात जन्मलेली ही बाई मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथलीच झाली होती. जम्मू-काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यातल्या तिघांना मरणोत्तर. स्वतःच्या छातीवर ते लावून घ्यायला जिवंत राहिलेले दोघेच, लान्स नायक करमसिंग आणि आपले राणे.

गोष्टी इथे संपतात. माणसाचं आयुष्य मात्र चालू राहतं. ८३ तासांनंतर राण्यांना आणखी ४६ वर्षं जगायची होती. ते नोकरी करत राहिले. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत युद्धवृत्तांतात त्यांचा पाच वेळा गौरवाने उल्लेख झाला. ते १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. १९८४मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. कारवारच्या किनाऱ्यावरच्या मुलाचं नाव समुद्रावर फिरत होतं आणि तो माणूस हयात होता! ११ जुलै १९९४ला पुण्याच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. भरतीच्या दिवसाला ५४ वर्षं पूर्ण होऊन एक दिवस झाला होता. पुढे २००६मध्ये कारवारला समुद्राकाठी त्यांचा पुतळा उभा राहिला आणि २०२३मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव मिळालं.

जहाज, पुतळा, बेट हे सगळं छानच. पण खडकीत शिकलेला आणि पुण्यात अखेरचा श्वास घेतलेला हा माणूस आकुर्डीतल्या किती जणांना माहीत आहे? आपण अर्धे लोक इंजिनिअरिंग शिकतो, उरलेले इंजिनिअरिंगवर चालणाऱ्या गावात राहतो. बोल्ट, पूल, रस्ता, स्फोटक हे शब्द आपल्याला परीक्षेपुरते लागतात. त्याच शब्दांवर राण्यांनी एका गावापर्यंत वाट काढली.

आणि शेवटी एक सोपं काम. तुमच्या सोसायटीच्या किंवा कॉलेजच्या गेटवर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसणारे, उभं राहण्याच्या ढबीवरूनच ओळखू येणारे एखादे फौजी काका असतील. आपण त्यांना आयकार्ड दाखवतो आणि आत जातो. एकदा थांबून त्यांना त्यांची पलटण कुठली होती ते विचारा, आणि लेक्चरला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल अशा बेताने विचारा. काका सॅपर निघाले तर त्यांना राण्यांबद्दल नक्की विचारा. जे मी इथे लिहिलं नाही तेही कदाचित ते सांगतील.