गावात सिग्नलच नाही, मग पोरांना रस्ता कसा शिकवायचा? ताराबाई मोडकांचं आयुष्य वाचा, उत्तर सापडेल

नाशिक जिल्ह्यातलं हरसूल. तालुका त्र्यंबकेश्वर, एका बाजूला गुजरातची हद्द, दुसऱ्या बाजूला जव्हार. घाटाचे रस्ते, पावसाळ्यात धुकं आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याला चिकटून उभ्या राहणाऱ्या जीपा.

अशा भागातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना रस्ता सुरक्षा शिकवायची म्हटलं की आपण काय करतो? भिंतीवर लाल, पिवळा, हिरवा असा सिग्नलचा तक्ता लावतो. पोरं एका सुरात म्हणतात, लाल म्हणजे थांबा. संपला विषय.

पण सिग्नल म्हटलं की नाशिक शहर. हरसूलकडच्या पोराला रोज भेटतं ते वळण, उतार आणि वळणावरून अचानक पुढ्यात येणारी मोटारसायकल. त्या तक्त्याचा आणि त्याच्या रस्त्याचा संबंधच येत नाही.

लहान मुलाला शिकवायचं तर त्याच्या अंगणातल्या वस्तूंपासून सुरुवात करावी लागते, हे महाराष्ट्रात ज्या बाईंनी करून दाखवलं त्यांचं नाव ताराबाई मोडक. त्यांनी वाहतुकीवर काम केलं नव्हतं, हे आधीच सांगतो. पण गावातल्या लहान मुलाला काहीही शिकवायचं असेल तर वाट त्यांच्याच दारावरून जाते. आणि गंमत म्हणजे, हे त्यांनाही पहिल्या फटक्यात कळलं नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. घर सुधारकी, त्यामुळे मुलगी शिकली आणि १९१४ साली पदवीधर झाली. त्या काळात ही बातमीच होती. पुढे मोडक नावाच्या वकिलांशी लग्न झालं, अमरावतीला संसार मांडला, पण तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. सोबत लहान मुलगी होती.

आजही अशा बाईला चार लोक चार प्रश्न विचारतात. तेव्हा काय झालं असेल, याचा अंदाज करा.

ताराबाई राजकोटला गेल्या आणि बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. मानाची, पगाराची नोकरी. दोनेक वर्षांत तीही सोडली आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं, या विचारात वकिली मागे पडली आणि ते बालशिक्षणात उतरले.

दोघांनी मिळून मारिया माँटेसरींची पद्धत भारतीय घरांत बसेल अशी करायला घेतली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

माँटेसरी पद्धत म्हणजे काय, तर आधी हात, डोळे, कान आणि मग शब्द. लाकडी साच्यात वर्तुळ, त्रिकोण, चौकोन बसवायचे. मूल त्यांच्या कडेवरून बोट फिरवतं, आकार हाताला कळतो, नाव नंतर येतं.

आता रस्त्यावरच्या पाट्या आठवा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे सावध. गोल पाटी म्हणजे हुकूम, एकतर मनाई नाहीतर सक्ती. चौकोनी पाटी म्हणजे माहिती. (थांबा ही पाटी तेवढी अष्टकोनी असते.) म्हणजे ज्या पोरानं बालवाडीत त्रिकोणावरून बोट फिरवलंय, त्याला पाट्यांची अर्धी भाषा आधीच आलेली असते. अक्षर ओळख नसली तरी चालतं. आपण मात्र या पाट्यांची नावं पाठ करून घेतो.

असो. ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. काम छान चाललं होतं, पण मुलं शहरातली, खाऊनपिऊन सुखी घरांतली. खेड्यातल्या गरिबाच्या पोराचं काय, हा प्रश्न शिल्लकच होता. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली ही बाई पुढे ताराबाईंचा उजवा हात बनली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण वाड्यावस्त्यांवरची पोरं येईनात. आई-बाप मजुरीला, मोठं पोर धाकट्याला सांभाळायला. वेळेवर, आंघोळ करून, शाळेत पाठवणार कोण?

शिकलेल्या माणसाचं अशा वेळी ठरलेलं असतं. लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, असं म्हणून तो मोकळा होतो. ताराबाईंनी दोष आपल्या बालवाडीकडे घेतला. पोरं येत नाहीत ना, मग बालवाडी पोरांच्या अंगणात जाईल. दोघी वस्तीवर जाऊ लागल्या. पोरांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, मग तिथंच गाणी, गोष्टी, खेळ.

हीच अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हे नाव देशभर गेलं.

साहित्याचं काय? माँटेसरींची लाकडी साधनं महाग. इथं बिया, शिंपले, पानं, खडे गोळा झाले. माँटेसरींच्या आवाज ओळखायच्या डब्यांची गंमत डबीत बिया किंवा वाळू घालूनही येते.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेलं. हरसूल आणि कोसबाड यांच्यामध्ये जव्हारचा डोंगराळ भाग आहे, पण वारली वस्ती दोन्हीकडे. तिथं नवीन अडचण: पोरं गुरांमागे. मग कुरणातच शाळा भरली, कुरणशाळा. धाकटं भावंड काखेत घेऊन येणाऱ्या पोरीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिला नाव दिलं विकासवाडी.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत पाहिलं.

आता हरसूलच्या रस्त्यावर परत येऊ. ताराबाईंच्या रीतीनं तिथं रस्ता शिकवायचा तर काय लागेल? अंगणात फक्कीनं आखलेला वळणाचा रस्ता. खोक्याच्या पुठ्ठ्याचे त्रिकोण आणि गोल, कडेला लाल रंग. गुरांमागे जाणाऱ्या मुलाला तर विचारायचं, रस्ता ओलांडताना बैल कसा थांबवतोस? त्याला बरंच माहीत असतं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चालायचं, हे त्या फक्कीच्या रस्त्यावर दहा वेळा चालून बघायचं. डोळे मिटून आवाज ओळखायचा खेळ खेळायचा: जीप की मोटारसायकल, जवळ की लांब?

फक्त एक गोष्ट इथं विसरून चालत नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात स्टिना सँडेल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलं रस्त्यावर कशी वागतात ते तपासलं. गाडीचा वेग आणि आवाजाची दिशा या वयात नीट कळत नाही, आणि कितीही शिकवलं तरी छोट्या मुलावर रस्त्याची जबाबदारी टाकता येत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे हा सगळा खेळ झाल्यावरही रस्ता ओलांडताना मुलाचा हात मोठ्याच्या हातातच हवा. आणि वळणावर गाडी हळू घ्यायची, ती जीपवाल्यानं.