कै. नाना शंकरशेट यांचे दातृत्व

आपल्या दैवज्ञ ज्ञातीत जे थोर पुरुष होऊन गेले, त्यांत कै. जगन्नाथ शंकरशेट तथा नाना यांचे नाव अग्रभागी आहे. जयंतीस त्यांच्या तसबिरीला आपण भक्तिभावाने हार घालतो. परंतु त्यांनी दान कोणास व कशा रीतीने केले, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र संक्षेपाने सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. मूळचे आडनाव मुरकुटे. घराणे सधन व्यापाऱ्याचे. १८२२ मध्ये वडील शंकरशेट निवर्तले, तेव्हा नानांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. अशा वयात मोठी संपत्ती हाती आली म्हणजे पुष्कळांचे पाऊल वाकडे पडते. नानांनी ती सांभाळली आणि लोककार्याकडे वळविली.

त्या काळी मुंबईत मराठी व गुजराथी शाळा काढणे आणि त्यांसाठी पुस्तके छापविणे हे काम एका लोकसंस्थेने अंगावर घेतले होते. नाना तिचे आधारस्तंभ झाले. १८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ उच्च शिक्षणासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमली. तीतून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणमंडळावर जे तीन हिंदी सभासद होते, त्यांत नाना एक होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी भाषेचे कैवारी. परंतु बहुजनांस विद्या मिळावयाची तर ती मातृभाषेतूनच मिळेल, हे मत नानांनी १८४७ मध्ये निर्भयपणे मांडले.

मुलींच्या शिक्षणाची हकीकत तर विशेष मननीय आहे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली आणि मुलींच्या शाळा काढल्या. हे तरुण सकाळी विनावेतन शिकवीत. पण त्यांजपाशी ना पैसा, ना जागा. मुलींनी शिकावे हे लोकांस रुचत नव्हते. अशा वेळी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेस जागा दिली. ते स्वतः जुन्या आचारविचाराचे, देवधर्म पाळणारे गृहस्थ. तरी लोकनिंदेची पर्वा त्यांनी केली नाही. तरुणांनी श्रम दिले, नानांनी जागा दिली आणि आपला लौकिकही पणास लावला. केवळ रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा हे दान मोठे, असे आम्हांस वाटते.

सोनापूरची स्मशानभूमी दूर शिवडीस हलविण्याचा सरकारी बेत त्यांनी हाणून पाडला, त्याचा लाभ मुंबईतील गोरगरिबांस झाला. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. मुंबईत आगगाडी सुरू व्हावी म्हणूनही ते झटले. १८५७ च्या उठावात सरकारने त्यांजवर संशय घेतला, परंतु काही सिद्ध झाले नाही. १८६२ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालविले, त्यामुळे त्यांच्या नावाच्या संस्कृत शिष्यवृत्तीचे महत्त्व आम्ही जाणतो. मॅट्रिकला ती मिळविणे हा मोठा मान समजला जाई. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. ज्ञात पाहून द्यावयाची असती, तर त्यांस ती मिळती ना.

येथेच आमचे एक नम्र निवेदन आहे. आपल्या मंडळाचा शिष्यवृत्तीनिधी केवळ ज्ञातीतील मुलांसाठी आहे. ज्ञातीतील गरजूंस हात देणे हे आपले कर्तव्यच होय, आणि ते सुटता कामा नये. परंतु त्या निधीचा लहानसा अंश शेजारच्या कोणाही होतकरू, निर्धन मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, राखून ठेवावा. ज्यांस वर्गणी देणे शक्य नाही, त्यांनी सायंकाळी तासभर शिकवावे. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे, त्यांनी ती अभ्यासासाठी उघडावी. हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा, अशी आमची विनंती आहे. काही सभासदांस ही सूचना रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी गिरगावातील त्या वाड्याचे एकवार स्मरण करावे, इतकेच आमचे मागणे आहे.